रुईच्या बुडाला

“ऊठ म्हणते ना! तो जेसीबीवाला काय तुझा भाऊ लागतो, तासभर थांबायला?”

मी ओरडले, पण चिमाबाई हलली नाही. रुईच्या झुडपाला पाठ लावून, पदर डोक्यावरून घट्ट ओढून ती मातीत फतकल मारून बसली होती. तिच्यापासून पाच हातांवर जेसीबीचा पंजा हवेत थांबला होता आणि आमच्या सोसायटीचे चेअरमन दिग्विजय कमरेवर हात ठेवून उभे होते.

“मॅडम, अर्धा तास झाला समजावतोय,” ते म्हणाले. “मशीन दुपारी वळसंगला न्यायचंय. तुमची बाई आहे, तुमचंच ऐकेल.”

“माझं ऐकत असती तर माझ्या घरातल्या जळमटांची ही गत असती का?” मी म्हटलं.

माझा स्वभाव हा असा. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, घरची भाषा कानडी. डस्टर भिरकावणाऱ्या दाक्षायणीबाई म्हणून मला अजून लोक ओळखतात. निवृत्त होऊन होटगी रोडच्या या कॉलनीत राहायला आले तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षं, चिमाबाई माझ्याकडे झाडलोट करते. सकाळी सोसायटीची बाग, मग माझं घर. सांगितलेलं काम ऐकायचं, मान हलवायची आणि आपल्याला हवं तसं करायचं, ही तिची रीत. पण तोंडावर नाही म्हणाली, असं बारा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. आज ती जेसीबीला नाही म्हणत होती.

“बाई, हितं खांदू नगा,” ती म्हणाली. “दुसरीकडं कुटं बी खांदा. हितं नगं.”

“का पण?”

तिनं एकदा दिग्विजयांकडे पाहिलं, एकदा ड्रायव्हरकडे, आणि खाली बघत बसली. पुरुषांसमोर ती बोलणार नव्हती. मी त्या दोघांना चहा प्यायला पिटाळलं. दिग्विजय पाय आपटत गेले. मोठा माणूस, पण मी त्यांना सातवीत दोनदा बाकावर उभं केलेलं आहे, त्यामुळे माझ्यापुढे फार बोलत नाहीत.

ते लांब गेल्यावर चिमाबाई म्हणाली, “बाई, माझी पोर हाय हितं.”

मी वेड्यासारखी इकडेतिकडे पाहिलं. पोर कुठं दिसते का म्हणून. मग तिचा हात मला दिसला. तो जमिनीवर होता, थोपटल्यासारखा. मीही तिच्याशेजारी मातीत बसले.

ती मंगळवेढ्याकडची. नवऱ्याची, मायाप्पाची, तेव्हा दीडशे मेंढरं होती. ज्वारी निघाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं, आज या शेतात बसवायची, उद्या त्या शेतात. लेंड्यांचं खत होतं म्हणून शेतकरी धान्य द्यायचे. सव्वीस वर्षांपूर्वी इथं कॉलनी नव्हती. नुसता माळ आणि कडेनं ओढा. या माळावर त्यांचा तळ पडला होता. चिमाबाई वाटेवरच बाळंत झाली होती. पहिलीच मुलगी, नऊ दिवसांची. पाचवी पूजली होती, बारसं राहिलं होतं. तिला ताप आला. सकाळी दूध ओढेना, आणि दुपारी सगळं आटोपलं.

एवढ्या तान्ह्याला जाळत नाहीत. बाप जातो, सोबत चुलता. खड्डा करतात, मीठ घालतात, पुरतात, वर बाभळीचे काटे टाकतात. आईला नेत नाहीत. तिला जागासुद्धा दाखवत नाहीत. आईचा जीव त्या जागेत अडकला की पुढचं मूल पोटात ठरत नाही, असं त्यांच्यात मानतात. आम्हा लिंगायतांत तर लहानथोर सगळ्यांनाच पुरतात, पण जागा माहीत असते, पानंफुलं वाहता येतात. हे असलं मी कधी ऐकलं नव्हतं.

“तुला मग कसं कळलं इथंच म्हणून?”

“आट दिस जेवले न्हाय,” ती म्हणाली. “मागंच लागले धन्याच्या. कुटं ठिवली, कुटं ठिवली. मंग एक दिस खवळला. म्हनला, रुईच्या बुडाला हाय, आता गप ऱ्हा. म्या सगळा माळ हिंडले. ही येकच रुई व्हती, बाई. तवा येवढी येवढीशी व्हती.”

मग ती पुढं गेलीच नाही. तळ हलला, दीर-जाऊ मेंढरांमागे गेले, ही हटून बसली. वर्षभरानं मायाप्पानं मेंढरं विकली. ओढ्यापलीकडे पत्र्याची खोली घातली. कॉलनी बांधायला सुरुवात झाली तेव्हा तो इथंच वॉचमन लागला आणि ही बागेत. लोकांना वाटायचं, धनगर माणूस, पोटासाठी शहरात आलाय. पोटासाठी कसला आलाय! बायकोपायी मेंढरं सोडली त्यानं. आणि या सव्वीस वर्षांत नवराबायको त्या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते.

“लई पाप केलं म्या,” चिमाबाई म्हणाली. “बगू नये ते बगितलं. म्हून तर दोन येळा ऱ्हायलं आन् तिसऱ्या म्हैन्यातच गेलं. त्येनं सांगितलं व्हतं की, बगू नगंस. मला दम निघंना. माझ्याच करनीनं घर मोकळं ऱ्हायलं.”

“मूर्ख आहेस. असं काही नसतं.”

“तुमाला लेकरं हायेत, बाई.”

छत्तीस वर्षं बोलण्यात घालवलेल्या बाईचं तोंड तिनं चार शब्दांत बंद केलं.

मग तिनं माझा हात धरला. कुणाला सांगू नका म्हणाली. कळलं तर लोक मसणवटा म्हणतील, नारळ-लिंबू आणतील, रुई मुळासकट उपटून टाकतील. “फकस्त हितं खांदू दिऊ नगा. येवडं करा. मी तुमच्याकडं कवा काय मागितलं न्हाय.”

खरंच मागितलं नव्हतं. मी शब्द दिला.

आता ते खोदकाम कशासाठी होतं, तेही सांगते. अंकिता नावाची माझी एक विद्यार्थिनी. पुण्याला जाऊन वनस्पतिशास्त्र शिकली, परत आली ती देशी झाडांचं वेड घेऊनच. तिनं सोसायटीच्या मोकळ्या जागेत एक उत्सव काढला. मधमाशा, फुलपाखरं, भुंगे, आणि त्यांना लागणारी आपल्याकडची झाडं. नाव ठेवलं परागोत्सव. आमच्या नव्या वॉचमनला वाटलं, पराग नावाच्या कुणाचं लग्न आहे. जेवणाला कोण कोण येणार, म्हणून मला विचारून गेला. फुलपाखरं म्हणे ओल्या चिखलातून क्षार शोषतात, म्हणून एक उथळ तळं करायचं होतं, कडेनं चिखल राहील असं. त्याची आखणी नेमकी रुईवर आली होती.

अंकिता रोपवाटिकेतून रोपं घेऊन आली तेव्हा मी तिला गाठलं. काही खरं सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, “अगं, ही रुई तोडताहेत.”

ती पोरगी केवढ्यानं ओरडली! “टीचर, रुई तोडायचीच नाही! कुणी सांगितलं?” ती धावत आली, झुडपापाशी गुडघे टेकून बसली आणि तिनं एक पान उलटं केलं. खाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी चिकटलेली होती. “ही बघा. हे नारिंगी फुलपाखरू अंडी घालतं ते रुईवरच. रुई गेली की ते गेलं.”

चिमाबाई वाकून बघत होती. “ह्ये किडं व्हय? ह्येंला तर मी कायम येचून टाकतीया. झाड निर्मळ ऱ्हावं म्हून.”

“अहो मावशी, म्हणजे इतकी वर्षं तुम्हीच...” अंकिता हसली. चिमाबाई मात्र ओशाळली. तिनं बोटानं त्या अळीला हळूच शिवून पाहिलं आणि हात मागं घेतला.

“ठीक आहे, रुई राहू दे,” चहा पिऊन आलेले दिग्विजय म्हणाले. “पण मग खड्डा कुठं? मशीन तासाभरात जाणार. लवकर सांगा.”

आणि मी बोट दाखवलं.

कुणी मला विचारलं नव्हतं. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. तीस-चाळीस पावलांवर, ओढ्याच्या अंगाला, एक मोठा काळा धोंडा अर्धा जमिनीत रुतलेला होता. मी म्हटलं, “तिथं घ्या. तो धोंडा काढा आणि तिथं खणा. ओढ्याजवळ ओल असते, तुमचा चिखल टिकेल.”

“वा मॅडम,” दिग्विजय म्हणाले.

“व्हय, तितं खांदा की,” चिमाबाई म्हणाली. ती उठली, लुगडं झटकलं आणि स्वतः पुढं होऊन तिनं जेसीबीवाल्याला वाट दाखवली. तिचा चेहरा मी आधी कधी असा पाहिला नव्हता. तिथं रुतलेल्या काचा वेचून तिनं बाजूला केल्या. धोंडा पंजानं उपटला तेव्हा त्याच्या खालच्या ओल्या मातीचा वास आमच्यापर्यंत आला.

माती चांगलीच निघाली. काळी, भुसभुशीत. दोन हात खोल गेलं तरी मुरूम लागला नाही. अंकिता मूठभर हातात घेऊन नाचायचीच बाकी राहिली होती. उत्सवाला येणाऱ्या प्रत्येकाला एक देशी रोप द्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. कढीपत्ता, अडुळसा, तरवड, निर्गुडी. कुंभाराकडून अडीचशे बोळकी आणली होती. बोळक्यात घालायला विकतची माती आणायची नाही, औषधं मारलेली असते, इथलीच घ्यायची, असं तिचं म्हणणं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

तीन दिवस चिमाबाई ती माती चाळत होती. माझ्याच अंगणात ढीग टाकला होता. ढेकळं हातानं फोडायची, मुळ्या, खडे, बारके शंख वेचून टाकायचे, मग चाळणीतून काढायची आणि बोळकं भरून अंगठ्यानं कडेनं दाबायची. मी म्हटलं, अगं, घमेल्यानं भर, अडीचशे आहेत. तर म्हणाली, “रोपाचं मूळ कवळं आसतंय, बाई. खडा लागला तर दुकतंय.” ती काम करताना ओवी गुणगुणत होती. बारा वर्षांत मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. बाईचा जीव भांड्यात पडला, आपण एक चांगलं काम केलं, असं मी मनात म्हणत होते. दुपारी दोन कप चहा करून एक तिला देत होते. स्वतःवर इतकी खूश मी कधीच नव्हते.

रविवारी सकाळी परागोत्सव झाला. सप्टेंबर असूनही ऊन चैत्रातलं होतं. शाळेची मुलं पाठीला कागदी पंख बांधून आली होती, निम्म्यांचे पंख फाटकापाशीच मोडले. भिंतीवर मधमाशीचे तक्ते. रुईला छोटं कुंपण घातलं होतं आणि पाटी लावली होती, ‘हे झाड तोडू नका, हे फुलपाखराचं घर आहे’. तळ्यात गुडघाभर पाणी होतं, कडेला चिखल, आणि खरंच त्यावर चार-दोन पिवळी फुलपाखरं बसली होती. ओढ्याकडून काढलेला तो धोंडा मंडपापाशी आणून ठेवला होता. कुणा हौशी मुलीनं त्याला काळे-पिवळे पट्टे रंगवून, वर तारेच्या दोन मिशा लावून त्याची मधमाशी केली होती. त्यावर पोरं बसवून आयाबाया फोटो काढत होत्या.

चिमाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली आणि सोबत मायाप्पाला घेऊन आली.

मायाप्पा आता फार थकलाय. दोन्ही गुडघे गेलेत, काठीशिवाय चालत नाही. ओढा ओलांडून इकडे येणं त्यानं दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. पण आज चिमाबाईनं त्याला आग्रहानं आणलं. का, ते मला कळत होतं. तिनं त्याला सरळ रुईकडे नेलं. मी मागे सरबताचे दोन पेले घेऊन उभी राहिले.

“बगा,” ती त्याला म्हणाली. “तोडनार व्हते. बाईंनी वाचिवली. आता पाटी लावलीया, कोन हात लावायचं न्हाय.”

सव्वीस वर्षांनी ती त्याच्याशी त्याबद्दल बोलत होती. मायाप्पा रुईकडे बघत राहिला. कुणी शेजाऱ्याची म्हैस दाखवावी आणि आपण बघावी, तसं त्यानं पाहिलं. “बरं हाय,” म्हणाला. “मला बसू दे जरा. पाय लई दुकाय लागले.”

“त्या धोंड्यावर बसा,” मी म्हटलं. पोरं नुकतीच उतरली होती.

तो काठी टेकत गेला. बसायला वाकला आणि तसाच थांबला. तळव्यानं त्यानं धोंड्याचा रंग चोळला, मग एका बाजूची खाच चाचपली. तारेच्या मिशा त्याच्या कोपराला टोचत होत्या, पण त्याचं लक्ष नव्हतं.

“ह्यो धोंडा हितं कसा?”

“ओढ्याकडून आणलाय,” मी म्हटलं. “का? तुमचा होता की काय?”

हे मी हसत विचारलं. मरेपर्यंत मला ते विसरता येणार नाही.

“आमीच लोटला व्हता की,” मायाप्पा म्हणाला. “म्या आन् थोरल्या भावानं. नुसत्या काट्यानं भागंना, लई कुत्री व्हती तवा माळावर. दोगांच्यानं बी हालंना, मंग मेंढराचं दावं बांदून वडला.”

चिमाबाई शेजारीच उभी होती. मायाप्पाच्या ध्यानात आलं, तो कुणासमोर काय बोलून बसला.

“तुमी तर रुईच्या बुडाला म्हनला व्हता,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. भाजी संपली का, असं विचारावं तसा.

“त्या वक्ताला माझ्या ध्यानात कुटली रुई,” तो म्हणाला. “तू जेवंना. इचारून इचारून जीव खाल्लास. तोंडाला आलं ते बोलून ग्येलो. मला काय ठावं, तू रुई हुडकून काडशील.”

“मंग सव्वीस वर्सं मी काय बगत व्हते?”

त्यानं धोंड्यावरचा हात काढून घेतला.

“म्या जागा बगितली म्हून फुडची ठरली न्हाईत. आसं समजून दिस काडले म्या. मला वाटलं माझ्या डोळ्यानं खाल्ली माझी लेकरं. आन् म्या तर काय बी बगितलं न्हवतं.”

“सांगितलं आसतं तर मेंढरं सोडून तितंच बसली आसतीस.”

“बसलेच की,” चिमाबाई म्हणाली.

मायाप्पा रडायला लागला. म्हाताऱ्या माणसाचं रडणं वाईट, आवाज येत नाही, नुसती हनुवटी हलते. मला त्याचा राग आला होता, असा राग की हातातला पेला फेकावा. पण मी दोन्ही पेले खाली ठेवले. कारण त्यानं पुढं विचारलं, “त्याच्याखालची माती कुटं हाय?”

आता सांगायचं कुणी? जागा त्यानं खोटी सांगितली, पण बोट माझं होतं. करायला गेले गणपती अन् झाला मारुती, असं म्हणतात. इथं तेवढं म्हणूनही भागत नव्हतं. ती जागा सव्वीस वर्षं कुणाच्या लक्षात नव्हती, कुणी तिथं फावडं लावलं नव्हतं, आणि मी, दीडशहाणी, सगळ्यांसमोर तीच दाखवली. चिमाबाईनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि मी ती दिल्याच्या समाधानात तीन दिवस तिला चहा पाजत होते.

“बाई,” चिमाबाई मला म्हणाली, “त्येंला सांगा. माती म्या चाळली.”

तिनं दोन्ही तळवे वर केले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. नखांत अजून काळं होतं. ते हात ती लुगड्याला पुसायला गेली, पण मध्येच थांबली. पुसले नाहीत.

तेवढ्यात माईकवर अंकिताचा आवाज आला. “आता आपण रोपवाटप सुरू करतोय. सगळ्यांनी रांगेत या. आणि ही सगळी रोपं ज्यांनी तयार केली, त्या आपल्या चिमाबाई मावशींच्या हातूनच ती देऊ या. मावशी, या ना!”

टाळ्या वाजल्या. टेबलावर अडीचशे बोळकी मांडून ठेवलेली होती, हिरवीगार. रांग फाटकापर्यंत गेली.

मी चिमाबाईचा दंड धरला. “मी थांबवते. काहीतरी सांगते. माती खराब निघाली म्हणते. सगळी परत तिथं नेऊन टाकू. मी बघते, तू थांब.”

“कुनाला काय सांगनार?”

“खरं ते सांगेन. होऊ दे काय व्हायचंय ते.”

“नगं,” ती म्हणाली. “हातात घेतलेलं भिऊन टाकून देतील. उकिरड्यावर टाकतील, बाई.” तिनं माझी बोटं एकेक करून दंडावरून सोडवली. “ऱ्हाऊ द्या. आमच्या घरात ऱ्हायली न्हाय. ह्येंच्या घरात तरी ऱ्हाईल.”

आणि ती गेली. मायाप्पा धोंड्यापाशी जमिनीवरच बसला, धोंड्यावर बसला नाही. त्याच्यापाशी थांबावं की तिच्यामागे जावं हे मला सुचेना, शेवटी मी रांगेत जाऊन उभी राहिले. पुढं पंखवाली मुलं, त्यांच्या आया, निवृत्त रेल्वेवाले, सकाळी फिरायला येणारे. कुणी सरबत पीत होतं, कुणी फोटो काढत होतं.

चिमाबाई टेबलामागे उभी होती. प्रत्येक बोळकं ती दोन्ही हातांनी उचलायची, कडेला सांडलेला मातीचा कण बोटानं टिपून परत आत टाकायची आणि पुढच्या माणसाला द्यायची. “उनात ठिवू नगा. रोज वाईच पानी घाला.” एवढंच म्हणायची. पहिल्याला म्हणाली, दुसऱ्याला म्हणाली, पन्नासाव्यालाही तेच म्हणाली. एक मुलगा बोळकं घेऊन पळत सुटला तेव्हा मात्र तिचा हात आपसूक पुढं झाला आणि तो फाटकातून बाहेर जाईपर्यंत तसाच राहिला.

रांग पुढं सरकत होती. टेबलावरच्या रांगा एकेक करून मोकळ्या होत होत्या. अंकिता शेजारी उभी राहून मोजत होती आणि खूश होती.

माझ्या पुढं दिग्विजय होते. कानाला फोन. “हो हो, जबरदस्त रिस्पॉन्स, पेपरवाले येऊन गेले,” असं काही बोलत त्यांनी एक हात पुढं केला. चिमाबाईनं बोळकं त्यांच्या हातावर टेकवलं, पण सोडलं नाही. त्यांनी ओढलं. तिनं धरूनच ठेवलं. ते फोनवर बोलायचे थांबले आणि तिच्याकडे पाहू लागले.

“सायेब,” ती म्हणाली, “दोन्ही हातांनी घ्या.”

त्यांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला आणि दोन्ही हात पुढं केले. चिमाबाईनं ते बोळकं त्यांच्या ओंजळीत ठेवलं, त्यांची बोटं नीट मिटलीत का ते पाहिलं आणि मगच आपला हात काढला.

“हां,” ती म्हणाली. “आता न्या घरी.”